तालमीच्या वेळेत गप्प राहणारे ॲप कसे घडवावे

कुस्तीगिरांसाठी ॲप तयार करायला निघालेल्या माणसाने कागदावर पहिली चौकट काढण्यापूर्वी एक साधी गोष्ट मान्य करावी: लंगोटाला खिसा नसतो. हौदात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, उतरलेल्या मल्लाच्या अंगाला तेल आणि लाल माती लागलेली असते, तळहात घामाने ओले असतात आणि अशा बोटांना मोबाइलचा पडदा धड दादही देत नाही. शिवाय त्या वेळी त्याचे लक्ष जोडीदाराच्या खांद्यांवर आणि वस्तादांच्या आवाजावर असायला हवे. त्यामुळे सरावाच्या दीड-दोन तासांत ॲपने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर ‘काहीही नाही’ असे येते आणि सगळी रचना याच उत्तरावर उभी करावी लागते. सजग ॲप म्हणजे मागे बासरी आणि पडद्यावर कमळ, अशी समजूत बाजारात रूढ झाली आहे. मल्लविद्येत सजगतेचा अर्थ बराच रोकडा आहे. श्वास कुठे तुटतो, कोणत्या डावाला गुडघा कुरकुरतो, आज लढत घ्यावी की नुसती मेहनत करावी, हे मल्लाला स्वतःच्या शरीरावरून वेळेत कळावे, एवढाच तो अर्थ.

पुढील विवेचन कोल्हापूरच्या तालमी डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. कराटे, ज्युदो किंवा दांडपट्टा शिकवणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील. कामाचा क्रम तोच ठेवता येईल.

आधी कट्ट्यावर बसावे

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत बाहेरगावचे मल्ल मुक्कामाला असतात, त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि सराव दोन सत्रांत विभागलेला असतो. हौद उकरणे, जोर, बैठका, सपाट्या, मग जोड लावून लढती, दोर, करेला (जड मुदगल फिरवणे), आणि त्यानंतर खुराक व विश्रांती, असा हा क्रम पिढ्यान्पिढ्या घासून बसलेला आहे. रचनाकाराने निदान काही दिवस मोबाइल बाजूला ठेवून कट्ट्यावर बसावे आणि ॲपला या क्रमात जागा कुठे आहे ते पाहावे. मोबाइल कुठे ठेवतात, चार्जिंगची सोय किती जणांना पुरते, नेट कोणत्या खोलीत मिळते, एकाच मोबाइलवरून किती जण घरी बोलतात, पडदे किती फुटलेले आहेत, या बारीकसारीक गोष्टींवर नंतरचे अर्धे निर्णय अवलंबून असतात. वस्तादांकडे वही असेल तर ती पाहण्याची परवानगी मागावी. कोणाची जोड कोणाशी लावायची, कोणाला चार दिवस विश्रांती द्यायची, कोणाच्या घरचे पैसे यायचे आहेत, हे सारे तिथे लिहिलेले असते आणि वहीने जे प्रश्न आधीच सोडवले आहेत ते पुन्हा सोडवण्याचा हट्ट ॲपने धरू नये.

हंगामाचा प्रश्नही याच टप्प्यावर समजून घ्यावा. यात्रा-जत्रांच्या दिवसांत मल्ल गावोगावच्या मैदानांत असतो. तिथे कुस्ती मातीवर होते आणि निकाल चितपटीवर लागतो. स्पर्धेची तयारी सुरू झाली की तोच मल्ल गादीवर (मॅटवर) येतो, तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती आणि गुणांचा हिशेब असतो. हा बदल नवा नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलेले गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनाही मातीतून गादीवर जावे लागले होते. ॲपमध्ये ‘माती’ आणि ‘गादी’ असे दोन स्वतंत्र विभागच असावेत, कारण लागणारा दम, पायांची ठेवण आणि दुखापतींचा स्वभाव या दोन्हींत वेगळा असतो आणि एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले तर कशाचाच अंदाज येत नाही.

दिवसाची नोंद

नोंदीची वेळ अंघोळ आणि खुराक झाल्यानंतरची ठेवावी आणि ती एका मिनिटाच्या आत संपावी. प्रश्न तीनच असावेत.

पहिला प्रश्न, ‘आजचा सराव किती जड गेला?’ उत्तर 0 ते 10 या पट्टीवर बोट सरकवून द्यायचे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची जाणीव आकड्यात मांडण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे क्रीडाविज्ञानात त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणून एका सत्राचा भार काढण्याची सोपी रीत आली. नव्वद मिनिटांचा सराव 7 इतका जड वाटला तर भार 630. हा आकडा मल्लाला दाखवण्याची गरज नाही, कारण आकडा दिसला की तो वाढवण्याची इच्छा होते. ॲपने आतल्या आत मागील चार आठवड्यांशी तुलना करावी आणि ‘हा आठवडा नेहमीपेक्षा बराच जड गेला’ एवढे एक वाक्य दाखवून थांबावे. घड्याळ किंवा छातीचा पट्टा नसलेल्या मुलालाही ही पद्धत वापरता येते, आणि मनगटावर घड्याळ बांधून कुस्ती खेळता येत नसल्याने या खेळाला ती अधिकच सोयीची आहे.

दुसरा प्रश्न, ‘कुठे दुखते?’ येथे शरीराची पुढची आणि मागची बाह्याकृती द्यावी व बोट ठेवताच चार पर्याय उघडावेत: ‘अंग भरून आले’, ‘कळ येते’, ‘सूज आहे’, ‘मुंग्या येतात’. हे शब्द तालमीतल्या बोलण्यातले आहेत आणि त्यांतला फरक वैद्यकीय दृष्ट्याही कामाचा आहे. बैठकांनंतर मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे, ते दोन-तीन दिवसांत ओसरते. गुडघ्यात एका जागी येणारी कळ सलग तीन नोंदींत दिसली तर ॲपने ती वस्तादांच्या नजरेस आणावी. मानेला झटका बसल्यावर हातात मुंग्या येत असतील तर नसेवर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी कोणताही व्यायाम सुचवू नये, ‘लढत थांबवा, वस्तादांना सांगा, डॉक्टरांना दाखवा’ असे स्पष्ट लिहावे. कानाची सूज आणि त्वचेवरचा चट्टा यांसाठी आठवड्यातून एकदा वेगळी विचारणा पुरते. कान सुजला की त्यातले रक्त लवकर काढून घ्यावे लागते, नाहीतर तो कायमचा आखडतो. अनेक जुने मल्ल असे कान अभिमानाने मिरवतात हा भाग निराळा. गजकर्णाचा चट्टा अंगाला अंग लागून साऱ्या तालमीत पसरतो, म्हणून त्याची माहिती लाज न वाटता देता येईल अशी, म्हणजे फक्त वस्तादांनाच दिसेल अशी, सोय हवी.

डोक्याला मार लागल्याची नोंद या आकृतीत मिसळू नये. तिच्यासाठी वेगळे बटण असावे. ते दाबल्यावर लगेच लढतीची नोंद बंद व्हावी आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याची तारीख वस्तादांनी भरल्याखेरीज ती पुन्हा उघडू नये. मेंदूला हादरा बसल्यावर त्याच दिवशी खेळू न देणे आणि नंतर टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास देत, खेळाडूला परत आणणे ही आता जगभर मान्य झालेली रीत आहे. ॲपने येथे निदान करण्याचा प्रयत्न करू नये.

तिसरा प्रश्न, ‘आज काय लक्षात आले?’ याचे उत्तर लिहायला लावू नये. वीस सेकंदांचे बोलणे पुरे आहे. ‘ढाक मारताना माझा पाय मागे राहतो’, ‘खडाखडीत मी आधी मान देतो’, अशी वाक्ये महिन्याने ऐकली की मल्लाला स्वतःची सवय उमगते, आणि माझ्या मते या सबंध ॲपमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

मोजणी आणि चढाओढ

मोबाइल दंडाला बांधून जोर-बैठका मोजण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण ती देऊ नये. मोजणे हे मनाला जागेवर ठेवण्याचे तालमीतले जुने साधन आहे. शंभरावी बैठक कोणती हे यंत्र सांगणार असेल तर मन मोकाट सुटते. एकूण आकडा सरावानंतर हाताने भरता यावा, तोही ऐच्छिक.

सलग दिवसांची साखळी आणि ती तुटल्यावर दिसणारे रडके चित्र, ही क्लृप्ती भाषा शिकवणाऱ्या ॲपला चालत असेल. मल्लाच्या बाबतीत ती धोक्याची आहे, कारण साखळी टिकवण्यासाठी तो तापात किंवा सुजलेल्या घोट्याने हौदात उतरेल. दिनदर्शिकेत विश्रांतीचा दिवसही सरावाच्या दिवसाइतकाच भरीव रंगात दाखवावा. परीक्षा, जत्रेचा प्रवास, उपवास, घरचे कार्य यांना ‘रजा’ असे एकच साधे नाव द्यावे आणि कारण विचारू नये. क्रमवारीची पाटी तर अजिबात नको. कोणाची जोड कोणाशी लावायची हे वस्ताद वजन, वय, दम आणि स्वभाव पाहून ठरवतात. ॲपने पंधरा वर्षांच्या मुलाला सबंध तालमीत अकरावा ठरवून टाकले तर तो बारा महिने चुकीच्या माणसाशी स्पर्धा करीत राहील.

वजनाचा पडदा

या ॲपमधील सर्वांत जपून करायचा भाग वजनाचा आहे. 7 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली, हे कुस्ती न पाहणाऱ्यांनाही आठवत असेल. दोन दिवस चालणाऱ्या स्पर्धेत दोन्ही सकाळी वजन द्यावे लागते, आणि पहिल्या दिवशीच्या लढतींनंतर खाल्लेले-प्यालेले दुसऱ्या सकाळपर्यंत उतरवण्यासाठी मल्ल रात्रभर पळतात, घाम काढतात, पाणी तोडतात. याची किंमत जिवाने मोजावी लागल्याचेही उदाहरण आहे. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्ल झपाट्याने वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने प्लास्टिकचे घामकपडे आणि वजनासाठी वाफेच्या खोल्या यांवर बंदी घातली. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा अधिक घट होऊ नये, ही मर्यादाही तिथल्या नियमांत आली.

ॲपने हीच मर्यादा आपल्या गणितात पक्की बसवावी. सत्तर किलोच्या मल्लाला ती आठवड्याला साधारण एक किलो पडते. त्याने ‘दहा दिवसांत पाच किलो’ असे उद्दिष्ट भरले तर ॲपने ते स्वीकारू नये, आणि नकार देताना उपदेश करू नये. ‘या मुदतीत हे वजन सुरक्षितपणे उतरणार नाही. वरच्या गटाचा विचार वस्तादांशी करा.’ इतकेच लिहावे. ‘तरीही पुढे जा’ असे बटण ठेवण्याचा मोह रचनाकाराला हमखास होतो. ते ठेवले की मर्यादेला अर्थ उरत नाही.

वजन रोज विचारू नये. स्पर्धा जवळ नसताना आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्याआधी, एवढी नोंद पुरेशी आहे. आलेख दाखवताना एकेका दिवसाचे चढउतार न दाखवता काही आठवड्यांची सरासरी रेषा दाखवावी. वाढ लाल आणि घट हिरवी, ही रंगांची पद्धत टाळावी; वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढायलाच हवे असते आणि त्याला दर सोमवारी लाल रंग दाखवणे म्हणजे त्याच्या ताटातले तूप आपण काढून घेण्यासारखे आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘वजन उतरवणे’ हा विभागच बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि आता लहान गावांतही मुली हौदात उतरत आहेत. मासिक पाळीच्या दिवसांत वजन, झोप आणि दम यांत फरक पडतो, म्हणून त्याची नोंद उपयोगी असते. ती त्या मुलीच्या मोबाइलबाहेर जाऊ नये आणि वस्तादांच्या पडद्यावर तिचा मागमूसही दिसू नये. पाळी लांबणे किंवा बंद होणे हे अपुऱ्या आहाराचे लक्षण असू शकते, त्यामुळे सलग तीन महिने नोंद झाली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटण्याची सूचना फक्त तिलाच दिसावी.

श्वास आणि झोप

सरावानंतरच्या पाच मिनिटांसाठी श्वासाचा एक पडदा द्यावा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वास लांबवला की नाडी मंदावते, हे कोणालाही स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पडताळता येते. पडदा काळा राहावा, मोबाइल पालथा ठेवूनही केवळ कंपनावरून लय कळावी आणि मध्ये कोणाचाही मधाळ आवाज नसावा. कुस्तीच्या आदल्या रात्री झोप न येणाऱ्या मल्लालाही हाच पडदा कामी येतो, त्याच्यासाठी वेगळा विभाग करण्याची आवश्यकता नाही.

रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत ॲपने कोणतीही सूचना पाठवू नये. अँड्रॉइड 13 पासून सूचनांसाठी वापरकर्त्याची परवानगी मागावी लागते. ती ॲप उघडताक्षणी मागू नये. मल्लाने स्वतःहून ‘आठवण करून द्या’ हे बटण दाबले तरच मागावी, आणि दिवसाला एकच आठवण असावी.

वस्तादांचा पडदा

वस्ताद टंकलेखन करणार नाहीत, आणि करू नये हेच बरे. त्यांच्यासाठी नावांची यादी, नावापुढे तीनपैकी एक खूण (नेहमीसारखा, जड आठवडा, दुखते आहे) आणि बोलून निरोप देण्याचे मोठे बटण, एवढे पुरे. ‘उद्या लढत नको, नुसते जोर मार आणि दोर चढ’ हे त्यांच्या आवाजात ऐकण्याला जे वजन आहे ते ॲपने छापलेल्या सल्ल्याला येणार नाही. याच कारणाने ॲपने स्वतःहून डाव शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. डावांची यादी असावी, पण ती तालमीला बदलता यावी. उत्तरेकडच्या आखाड्यात ज्याला धोबीपाट म्हणतात तो आपल्याकडे धोबीपछाड असतो, आणि एकचाक, मोळी, कलाजंग, पोकळ घिस्सा यांच्या मांडणीत प्रत्येक वस्तादांचा आपला एक बारकावा असतो. लढतीचे चित्रण करायचे असेल तर ते दहा सेकंदांचे, संथ गतीने पाहता येण्याजोगे आणि त्या दोघांपुरतेच असावे.

अक्षरे आणि बटणे

पडद्यावरची मराठी वाचायला सोपी हवी. देवनागरीत मात्रा वर आणि उकार व जोडाक्षरांचे अवयव खाली जातात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले दोन ओळींमधील अंतर येथे अपुरे पडते; ते अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. नोटो किंवा मुक्ता यांसारखा फॉन्ट घ्यावा, ॲपची भाषा ‘मराठी’ अशीच घोषित करावी, आणि ‘लढणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य नीट उमटतो का ते स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर प्रत्यक्ष पाहावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान 4.5 ला 1 असावी. अँड्रॉइडवर बटणाचा आकार निदान 48 डीपी (पडद्यावरील मापाचे एकक) सांगितला जातो. मल्लांच्या बोटांसाठी आणि फुटलेल्या काचेसाठी तो याहून मोठा ठेवावा. ॲप नेटशिवाय पूर्ण चालावे आणि आकाराने लहान असावे, कारण मुक्कामी मुलांच्या मोबाइलमध्ये जागा कधीच शिल्लक नसते.

पैसा आणि माहिती

जाहिराती घेऊ नयेत. घेतल्याच तर पहिल्या येतील त्या वजन वाढवणाऱ्या पावडरींच्या, आणि अशा पावडरीतून उत्तेजक द्रव्य पोटात जाऊन खेळाडू चाचणीत सापडल्यास शरीरात जे आढळले त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. तालमीकडून किंवा गावातल्या एखाद्या कुस्तीशौकिनाकडून वर्षाची ठरावीक रक्कम घेणे अधिक स्वच्छ आहे.

तालमीत शिकणाऱ्यांपैकी बरेच जण अठरा वर्षांखालचे असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार अशा मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे यांस मनाई आहे. संमतीचा मजकूर पालकांना वाचून दाखवता येईल इतका सोपा असावा: कोणती माहिती घेतो, ती कोण पाहतो, ती कशी पुसता येते. नोंदी मुळात मोबाइलवरच राहाव्यात आणि वस्तादांकडे त्यांतील फक्त वर सांगितलेली खूण आणि चट्टा व डोक्याचा मार यांची माहिती जावी. म्हणजे सर्व्हरवर फारसे काही उरतच नाही आणि चोरीला जाण्यासारखेही कमी राहते.

चाचणी घेताना ‘रोज किती वेळ वापरले’ हा आकडा यशाचा मानू नये. नोंद किती सेकंदांत संपली, दुखणे वस्तादांना आधीपेक्षा लवकर कळू लागले का, आणि जड आठवड्यानंतर कोणी खरोखर विश्रांती घेतली का, हे पाहावे. यासाठी एकाच तालमीत एक पूर्ण हंगाम, मातीचा आणि गादीचा दोन्ही, ॲप चालवून बघणे आवश्यक आहे. घाईने दहा तालमींत पसरवले तर प्रत्येकीची तक्रार वेगळी येते आणि मूळ दोष सापडत नाही. मल्ल तालीम बदलतात, नोकरीला लागतात, कुस्ती सोडतात. निघताना त्याची सर्व नोंद, आवाजातील टिपणांसह, एका फाइलमध्ये त्याला नेता यावी आणि वस्तादांच्या यादीतून त्याची दुखण्यांची व भाराची माहिती त्याच दिवशी पुसली जावी. जुन्या तालमीकडे त्याचे नाव आणि हजेरीच्या तारखा राहिल्या तरी पुरे.